गॅस अडलाय कुठं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांची लहानशी फाउंड्री आहे. कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून तिथे वाळूचे कोअर करतात, ते मी लहानपणापासून बघत आले. वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, साच्यात ठासायचं आणि सिलिंडरची नळी लावून कार्बन डाय-ऑक्साइड सोडायचा. बघता बघता भुसभुशीत वाळू विटेसारखी टणक होते. ‘कोअरला गॅस मारणे’ म्हणतात याला. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, आता पदवीच्या मुलांना शिकवते, पण या वायूची माझी पहिली ओळख त्या शेडमधली.

२०२५ च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा मी उत्साहाने मामांना सांगायला गेले. क्योटोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन आणि बर्कलीचे ओमर याघी. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्या, त्यात कार्बन डाय-ऑक्साइड अडकवता येतो, त्याच्यापासून उपयोगी रसायनं करता येतात, वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही हितं सिलिंडरला पैसे मोजतोय की. आणि तुम्ही म्हणताय गॅस जगात लई झालाय. मग अडलाय कुठं गं तो?”

मी त्या दिवशी दिलेलं उत्तर मला स्वतःलाच पटलं नव्हतं. त्यानंतर जे वाचलं आणि आकडे मांडून पाहिले, त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. बेळगाव जिल्ह्यात हा वायू वापरण्यासाठी सार्वजनिक पैशातून एक चाचणी-संच, म्हणजे प्रयोगशाळेतलं रसायन प्रत्यक्षात आजमावणारा छोटा कारखाना, उभा राहिला पाहिजे. तो डिस्टिलरीच्या दारात असावा, आणि त्यात मिथेनॉल या इंधनाच्या मागे न लागता वेगळी वाट धरावी. का, ते सांगते.

आधी ही जाळी म्हणजे काय ते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘मॉफ’ म्हणतात. मांडव घालताना खांब आणि वासे जसे ठरलेल्या अंतरावर बांधत जातो, तसे इथे धातूच्या अणूंचे पुंजके हे सांधे आणि सेंद्रिय आम्लांचे रेणू हे वासे. जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल घेतलं की याघींची १९९९ ची प्रसिद्ध मॉफ-५ होते. हे टेरेफ्थॅलिक आम्ल म्हणजे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतला एक घटक, काही दुर्मीळ वस्तू नव्हे. झिर्कोनियम घेतलं की ओस्लो विद्यापीठात २००८ मध्ये झालेली यूआयओ-६६. आतून हा मांडव जवळजवळ सगळा रिकामा. त्यामुळे चांगल्या मॉफच्या ग्रॅमभर पुडीत आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ तीस-चाळीस गुंठे भरतं. सातबाऱ्यावर गुंठ्या-गुंठ्याचे वाद बघणाऱ्या आपल्या भागात हा आकडा वर्गात सांगितला की मुलं वही ठेवून वर बघतात.

उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ म्हणून, हिचा उपयोग या रिकाम्या जागांमुळेच होतो. सांध्यातल्या धातूची एखादी बाजू मोकळी ठेवता येते. तिथे येणारा रेणू जरा धरला जातो, ताणला जातो आणि दुसऱ्याशी जुळायला तयार होतो. शिवाय मॉफ घन असल्यामुळे काम झालं की गाळून परत वापरता येते. कारखानदारीत या गाळून घेण्याला फार किंमत आहे.

आता मामांच्या प्रश्नाकडे. गोव्याहून बेळगावला माल आणायचा तर ट्रकला घाट चढावाच लागतो. चोर्ल्याने या, अनमोडने या, आंबोलीने या. रस्ता चांगला असला तर वेळ वाचेल, गाडी कमी तापेल, पण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर चढायचं डिझेल जाळावंच लागेल. उत्प्रेरक म्हणजे चांगला घाटरस्ता. तो उंची कमी करत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड हा ऊर्जेच्या हिशेबात तळाशी बसलेला रेणू आहे. जे जळायचं ते जळून गेल्यावर उरलेला. त्याच्यापासून इंधन करायचं म्हणजे तळातून वर चढायचं. त्या चढाचं डिझेल कोण देणार, हे आधी विचारायला हवं, आणि वर्तमानपत्रांतल्या ‘धुरापासून इंधन’ अशा बातम्यांत नेमकं तेच गळतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. कर्नाटकात सर्वांत जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं धोरण आल्यापासून तर मळीला आणि रसाला चांगलेच दिवस आले. यीस्ट साखर खातं तेव्हा दोन गोष्टी बाहेर टाकतं, अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड. १८० किलो ग्लुकोजमागे ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो वायू. म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. रोज एक लाख लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी रोज ७५ टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर सोडते. काही डिस्टिलऱ्या तो धुऊन, दाबून शीतपेयांना, ड्राय आइसला, वेल्डिंगला विकतात. बाकीच्यांचा वर जातो.

आणि हा वायू कसा आहे बघा. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणाऱ्या बॉयलरच्या चिमणीत कार्बन डाय-ऑक्साइड दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी नायट्रोजन, वाफ, राख. हवेत तर दहा लाख भागांत सव्वाचारशे. तिथून तो वेचून काढण्यातच बरीच शक्ती जाते. मॉफचं आजचं सगळ्यात पुढे गेलेलं काम त्या वेचण्याचंच आहे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात झालेली कॅल्फ-२० नावाची जस्ताची मॉफ सिमेंट कारखान्याच्या धुरावर वापरून पाहिली गेली आणि बीएएसएफ ही जर्मन रसायन कंपनी ती आता टनांनी बनवते. फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून, येणारा वायू मात्र पाण्याची वाफ आणि अल्कोहोलचा अंश सोडला तर जवळजवळ शुद्ध. जगभर ज्यासाठी कोट्यवधी खर्च होतात ती पहिली पायरी आपल्या यीस्टने फुकटात चढून ठेवली आहे. चिकोडी, अथणी, रायबागच्या माणसाला ऊसपट्टा म्हणजे साखर आणि मळी एवढंच माहीत; जिल्हाभरातल्या या फर्मेंटरांकडे शुद्ध कार्बनचा झरा म्हणून आपण कधी पाहिलंच नाही.

मग मिथेनॉल का नको? मिथेनॉलचं रसायन चांगलं आहे. २०१६ मध्ये बर्कलीत तांब्याचे अतिसूक्ष्म स्फटिक यूआयओ-६६ च्या जाळीत बसवले, तेव्हा १७५ अंश तापमानाला आणि १० बार दाबाखाली नेहमीच्या उत्प्रेरकापेक्षा आठपट उत्पन्न मिळालं, आणि मिथेनॉलशिवाय दुसरं काही बनलं नाही. मी तो निष्कर्ष वाचून खरंच आनंदले होते. आइसलंडमध्ये २०१२ च्या सुमारास असा कारखाना सुरू झाला, पुढे त्याची क्षमता वर्षाला ४,००० टन झाली. आपल्याकडे विंध्याचलला एनटीपीसीने रोज दहा टनांचा उभारला. पण कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. आपल्या त्या ७५ टन वायूला रोज सुमारे दहा टन हायड्रोजन हवा. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासच्या वर युनिट वीज लागते. म्हणजे रोज पाच लाखांहून जास्त युनिट. दिवसरात्र चालणारे एकवीस-बावीस मेगावॅट.

हा आकडा साखर कारखान्यातल्या माणसाला लगेच कळतो. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याचा सहवीजनिर्मितीचा पूर्ण संच हंगामात एवढीच वीज काढतो. ती वीज विकून कारखाना चार पैसे मिळवतो. ती पाण्यात घालून मिथेनॉल काढायचं आणि हंगाम संपल्यावर काय करायचं ते परत विचारायचं, हे आजच्या दराने परवडणारं नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात आणि गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकात वीज निघाली, हा आपल्याला अभिमान आहे. पण वाऱ्याची वीज थेट घराला, पंपाला, भट्टीला दिली तर तिचा जास्त उपयोग होतो. एक दिवस वीज इतकी स्वस्त होईल की हा हिशेब उलटेल. तेव्हा बघू.

आता दुसरी वाट. काही रेणू स्वतःच ताणलेले असतात, इपॉक्साइड कुळातले. तीन अणूंचं घट्ट वळवलेलं कडं, सुटायला टपलेलं. त्यांच्यात कार्बन डाय-ऑक्साइड शिरला की पाच अणूंचं निवांत कडं होतं, त्याला चक्रीय कार्बोनेट म्हणतात. इथे हायड्रोजन लागत नाही, रेणूतला एकही अणू वाया जात नाही, आणि मुख्य म्हणजे हा चढ नाही, उतार आहे. फक्त उताराच्या तोंडाशी धोंडा अडकलेला आहे. मॉफमधली धातूची मोकळी जागा इपॉक्साइडचा ऑक्सिजन धरते, सोबत घातलेल्या मिठातला ब्रोमाइड कडं उघडतो, वायू आत शिरतो, कडं पुन्हा मिटतं. धोंडा बाजूला. उत्प्रेरकाची खरी कमाई अशा ठिकाणी आहे, आणि मामांना मी आता सांगते की मिथेनॉलला गॅस चढावर अडलाय आणि कार्बोनेटला धोंड्याला.

यातलं इथिलीन कार्बोनेट लिथियम बॅटरीच्या द्रावणात लागतं. कागदावर मांडून पाहिलं तर एक गोष्ट मला फार सुंदर वाटली. ग्लुकोजच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे दोन रेणू निघतात. अल्कोहोलपासून इथिलीन, त्यापासून इथिलीन ऑक्साइड होतं. काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स गेली कित्येक वर्षं मळीच्या अल्कोहोलपासून ते करतेच आहे. त्या दोन रेणूंत हे दोन वायूचे रेणू घातले की उसातले सहाच्या सहा कार्बन बॅटरीत. काहीच उरत नाही. तरीही मी हे आपल्या गावांजवळ करा असं म्हणणार नाही. इथिलीन ऑक्साइड ज्वालाग्राही आहे, कर्करोगकारक आहे, आणि आपल्या गावांनी डिस्टिलऱ्यांचे अनुभव घेतलेले आहेत. माझ्या आजोळी एका पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी चहासारखं झालं होतं. कुणाच्या सांडपाण्याने ते सगळ्यांना माहीत होतं, कबूल कुणीच केलं नाही. अशा ठिकाणी लोकांनी विषारी वायूच्या टाकीवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणं अन्याय आहे.

म्हणून माझी शिफारस सोयाबीनची. बैलहोंगल, सौंदत्ती, बेळगाव तालुका, सगळीकडे खरिपाला सोयाबीन आहे. त्याच्या तेलावर हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करून इपॉक्सी तेल करतात. पीव्हीसी मऊ करायला ते आजही बाजारात विकलं जातं, हाताळायला सुरक्षित आहे. त्यात कार्बन डाय-ऑक्साइड घातला की कार्बोनेट तेल मिळतं. १०० किलो तेल साधारण १८ किलो वायू धरून ठेवतं. या तेलाची अमाईन नावाच्या नायट्रोजनयुक्त संयुगाशी गाठ घातली की पॉलियुरेथेनचा एक प्रकार होतो, ज्यात आयसोसायनेट लागत नाही. आयसोसायनेट म्हणजे १९८४ मध्ये भोपाळला ज्या कुळातल्या रसायनाने माणसं मारली ते कुळ. लेप, चिकटद्रव्यं, फोम यांसाठी हा माल चालू शकतो. गुणवत्तेत तो अजून नेहमीच्या पॉलियुरेथेनच्या मागे आहे, हेही सांगते.

आणि मॉफची खरी कसोटी इथेच लागते. आज या कामाला टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड नावाचं मीठ वापरतात. ते स्वस्त आहे, पण तेलात विरघळून बसतं, काढता काढता जीव जातो, आणि तापवायला १२० अंशांच्या वर कित्येक तास लागतात. मॉफ गाळता येईल, पण तेलाचा रेणू मोठा, तीन लांब शेपट्यांचा. यूआयओ-६६ च्या फटी ०.६ नॅनोमीटरच्या आसपास. तो आत जाणारच नाही, वरच्या वर घासत राहील. फ्रान्समध्ये २००५ मध्ये झालेल्या एमआयएल-१०१ ची दारं दीड नॅनोमीटरपर्यंत आहेत, पण तिच्यात क्रोमियम आहे, आणि क्रोमियमचा कणही घटप्रभेत जाणार नाही याची खात्री मला कुणी दिली तरच मी तिचं नाव घेईन. मोठ्या दारांची, लोखंडाची किंवा झिर्कोनियमची, तेलात टिकणारी जाळी हवी. ती करणं हे संशोधकाचं काम. ती इथल्या खऱ्या वायूवर टिकते का हे बघणं आपल्या चाचणी-संचाचं काम.

खऱ्या वायूवर, हे महत्त्वाचं. प्रयोगशाळेत सिलिंडरमधला कोरडा, शुद्ध वायू असतो. फर्मेंटरच्या वायूत ओल असते, अल्डिहाइड असतात, गंधकाची संयुगं असतात. तांब्याच्या मोकळ्या जागा गंधकाने लगेच बुजतात. मॉफ-५ तर दमट हवेतच ढासळते. बेळगावच्या जुलैमध्ये डब्यातला पापड सादळतो तिथे तिचं काय होईल? खानापूरच्या पावसात जी जाळी हजार तास टिकेल ती देशात कुठेही टिकेल. ही आपली अडचण चाचणीसाठी चक्क गुणवत्ता आहे.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन वापराची दोन राष्ट्रीय केंद्रं केली आहेत, एक आयआयटी मुंबईत, एक बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात. मे २०२५ मध्ये सिमेंट उद्योगासाठी पाच चाचणी-संच जाहीर झाले. ते योग्यच आहे. मग ऊसपट्ट्यासाठी एक तरी हवा की नको? बेळगाव मुंबई आणि बेंगळुरूच्या जवळजवळ मध्यावर आहे. इथे साखर संस्था आहे, तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, आणि उद्यमबागेत दाबाची भांडी आणि झडपा करणारे हात आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर एका रात्रीच्या गाडीवर. सीमाप्रश्नात माझी मतं आहेत आणि ती मी लपवत नाही. पण आमच्या सीमाभागातली रसायनशास्त्राची मुलं, मराठी असोत की कन्नड, पदवी घेऊन पुण्याला नाहीतर बेंगळुरूला औषध कंपनीत जातात आणि परत येत नाहीत, हे दुःख दोन्ही भाषांचं आहे. कोल्हापूरचा ऊस इकडे आणि इकडचा तिकडे जातोच. तसा एक संच दोन्ही बाजूंच्या संस्थांनी मिळून चालवायला काय हरकत आहे?

आक्षेप येईल की यातून हवामान बदल थांबणार नाही. खरं आहे. सोयाबीन तेलाचा एक कारखाना दिवसाला काही टन वायू वापरेल, आणि देशाचं उत्सर्जन वर्षाला तीन अब्ज टनांच्या घरात आहे. शिवाय फर्मेंटरचा वायू उसाने हवेतूनच घेतलेला. तो परत सोडला तर हवेत नवी भर पडत नाही. फायदा होतो तो त्याच्यामुळे खनिज तेलातून येणारा तेवढा माल बंद झाला तर. म्हणून या संचाच्या नावाखाली कुणी कोळशाच्या चिमणीला माफी मागू लागला तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी पहिली असेन. मला हा संच हवा आहे तो आमच्या मालाला आणि आमच्या मुलांना काम मिळावं म्हणून. आणि जे उत्तर निघेल, ‘जमत नाही’ हेही, ते आकड्यांसह सगळ्यांसमोर यावं म्हणून. हजार तासांचे आकडे, जाळी किती वेळा धुऊन वापरली, पाण्यात धातू किती उतरला, किलोला खर्च किती आला, हे सगळं कन्नडमध्ये, मराठीत, दर महिन्याला जाहीर. नाहीतर संच नको.

आणि पैशाचंही आधीच ठरवा. साखर उद्योगावरच्या २०१२ च्या रंगराजन समितीने साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ यांच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा ७० टक्के वाटा सांगितला. उपपदार्थ म्हणजे बगॅस, मळी, प्रेसमड. वायू त्यात नाही, कारण तेव्हा तो कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. २०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगीजवळ गुर्लापूरला ऊसवाले शेतकरी टनाला ३,५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले होते. मळीचा पैसा डोळ्यांदेखत वाढला आणि दर मात्र भांडून घ्यावा लागला, हा त्यांचा राग मला रास्त वाटतो. उद्या वायूतून चार पैसे निघू लागले की तोच वाद पुन्हा होईल. त्यापेक्षा संचाच्या पहिल्याच करारात सभासदाचा वाटा लिहा.

कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवालाची जाडजूड पुस्तिका हातात पडते. त्यात गाळप असतं, उतारा असतो, इथेनॉलचे लिटर असतात. त्या लिटरांना ०.७५ ने गुणा. जो आकडा येईल तेवढे किलो कार्बन डाय-ऑक्साइड तुमच्या उसातून निघाला. उभं राहून अध्यक्षांना विचारा, तो कुठे गेला, विकला असेल तर कितीला, आणि पुढच्या वर्षी अहवालात त्याची स्वतंत्र ओळ असेल का.